चित्राची साक्ष

जुन्नरहून पश्चिमेकडे, कोंकणच्या कड्याच्या रोखानें गेलें असतां वाटेच्या शेवटीं नाणेघाट लागतो. सोपारा, कल्याण इत्यादि बंदरांत उतरलेला माल एके काळीं याच घाटानें वर चढून जुन्नरच्या पेठेंत येत असे. घाटाच्या माथ्यावर खडकांत कोरलेली एक गुहा आहे. तिच्या दोन बाजूंच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख असून समोरच्या भिंतीवर राजकुलांतील स्त्रीपुरुषांच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ति होत्या. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर तिचें नांव कोरलेलें होतें : राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि. त्या मूर्ति आज नाहींत. काळानें म्हणा, माणसांनीं म्हणा, त्या नाहींशा केल्या. नांवें मात्र राहिलीं आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढें भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनीं त्याचें वाचन केलें, आणि सातवाहन घराण्याच्या पहिल्या पिढ्यांचा क्रम बसवितांना या मूर्ति गेलेल्या नांवांनींच मोठी साक्ष दिली. चेहरे नष्ट झाले तरी इतिहासाचें फारसें अडलें नाहीं. उलट, नांवें जाऊन चेहरे राहिले असते, तर त्या दगडी पुतळ्यांकडे बोट दाखवून कोणीहि कांहींहि म्हणूं शकला असता.

जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं आज जो मोबाइल आहे, त्यांत नेमकी हीच दुसरी अवस्था आलेली आहे. चित्र ठसठशीत, रंग खरे, माणूस हलतो, बोलतो, हंसतो. पण डोक्यावर नांव नाहीं. तें कोणी काढलें, कोठें काढलें, कधीं काढलें, आणि मुळांत काढलें कीं रचलें, याचा पत्ता चित्राबरोबर येत नाहीं. आलाच तर तो दुसऱ्याच कोणीतरी चिकटविलेला असतो.

अशा रचलेल्या चित्रांस ‘डीपफेक’ म्हणतात. हा शब्द २०१७ च्या सुमारास इंग्रजींत रूढ झाला. त्यामागील युक्ति थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. २०१४ मध्यें इयन गुडफेलो आणि त्याचे सहकारी यांनीं मांडलेल्या एका पद्धतींत संगणकाचे दोन भाग एकमेकांशीं झुंजविले जातात : एक भाग खोटें चित्र घडवितो, दुसरा तें पकडण्याचा प्रयत्न करतो. पकडला गेला कीं पहिला सुधारतो. फसला गेला कीं दुसरा सुधारतो. सहस्रावधि फेऱ्यांनंतर जें चित्र बाहेर पडतें, तें परीक्षकालाच चकवून पुढें आलेलें असतें. त्यानंतर याहून वेगळ्या आणि अधिक सोप्या पद्धति निघाल्या. आवाजाचेंहि असेंच सोंग आणतां येऊं लागलें, आणि त्यास मूळ माणसाच्या बोलण्याचा लहानसा नमुना पुरतो. जानेवारी २०२४ मध्यें सचिन तेंडुलकर यांच्या मुखानें मोबाइलवरील एका खेळाची शिफारस करणारी चित्रफीत पसरली, तेव्हां ती आपली नव्हे असें त्यांस स्वतःच जाहीर करावें लागलें. ज्याचा चेहरा आणि आवाज महाराष्ट्रांतील लहान मूलहि ओळखतें त्या माणसाची ही गत, तर गांवच्या सरपंचाची किंवा शाळेच्या मुख्याध्यापिकेची काय कथा!

आरंभीं अशा खोट्या चित्रांत चुका असत. हातास सहा बोटें येत, डोळ्यांची उघडझाप होत नसे, कानांतील डूल एका बाजूस एक तर दुसऱ्या बाजूस भलताच असे. मुलांस तेवढ्या खुणा शिकविल्या म्हणजे काम झालें, असें कित्येक हौशी शिक्षकांस वाटलें. परंतु वर सांगितलेली झुंज ज्यांस समजली, त्यांस ही आशा फोल कां ठरली तें निराळें सांगावयास नको. जी चूक आज माणूस ओळखतो ती उद्यां यंत्र सुधारतें. डोळ्यांस धार लावून हा प्रश्न सुटणारा नाहीं.

या दोन तालुक्यांत तो प्रश्न केवळ करमणुकीचा किंवा नटनट्यांच्या बदनामीचा राहिलेला नाहीं. जुन्नर वनविभागांत जुन्नर, आंबेगांव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणें झालीं, कालव्यांचें पाणी आलें, ऊंस वाढला, आणि उंसाच्या दाट फडांत बिबट्यानें बिऱ्हाड केलें. त्याच्या पिलांस डोंगर ठाऊक नाहीं. त्यांचें रान म्हणजे ऊंसच. जुन्नरजवळ माणिकडोह येथें धरलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठीं खास केंद्र चालवावें लागतें, यावरून गोष्ट किती जुनी आणि किती खरी आहे हें दिसून येतें. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड येथें तीन आठवड्यांच्या अवधींत तीन माणसें बिबट्याच्या हल्ल्यांत दगावलीं. त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोकांचा संताप अनावर होऊन पुणें-नाशिक रस्ता अडविला गेला.

आणि याच भयाच्या दिवसांत पुणें जिल्ह्यांत बिबट्याचीं यंत्रानें रचलेलीं चित्रें फिरूं लागलीं. अंगणांत बिबट्या, कुंपणावर बिबट्या. रचणाऱ्यांस ती गंमत वाटली असावी. वनखात्यास मात्र लोकांना सावध करावें लागलें आणि असा खोडसाळपणा करणाऱ्यांस कारवाईची ताकीद द्यावी लागली.

येथें एक अडचण आहे, आणि शहरांतील सुशिक्षित घरांत तिचा विचार क्वचितच होतो. खोट्यावर विश्वास ठेवूं नका एवढेंच शिकविलें तर तें पुण्या-मुंबईच्या मुलास कदाचित् पुरेल. वळसे-पाटलांच्या मंचराजवळच्या किंवा नारायणगांवाजवळच्या वस्तीवरच्या मुलास तें घातक ठरूं शकतें. कारण तेथें बिबट्या खरोखरच आहे. संध्याकाळीं सहा वाजतां शेजारच्या फडांत बिबट्या दिसल्याचें चित्र आलें, आणि मुलानें तें हंसून झिडकारलें, तर चूक झाल्यास तिची किंमत काय? ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट प्रत्येक मराठी घरांत सांगितली जाते. तिच्यांत खोटें बोलणारा पोरगा गांवचाच असतो, आणि शेवटीं शिक्षाहि त्यालाच होते. या नव्या गोष्टींत खोटें बोलणारा कोठें बसला आहे हें कोणासच ठाऊक नसतें. शिक्षा दुसऱ्याला होते. सबब मुलांस शिकवावयाचें तें अविश्वास नव्हे, तर विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा हें होय. ही विद्या मराठी मुलुखास नवी नाहीं. तिचे धडे येथें पूर्वींच गिरविले गेले आहेत, आणि कांहीं तर फार महागांत पडले आहेत.

पानिपतच्या रणावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत किंतु राहिला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं पति जिवंत आहे या श्रद्धेनें अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. ज्या घरांत, ज्या राज्यांत अशी आशा जागी असते, तेथें सोंगाड्यास फार श्रम पडत नाहींत. कांहीं वर्षांतच बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊसाहेब म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांनीं त्यास धरून आणून, भाऊंस जवळून ओळखणाऱ्या मंडळींकरवीं त्याची परीक्षा करविली, तो खोटा ठरला, आणि त्यास निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेंत ठेवलें.

प्रकरण येथें संपावयास हवें होतें. पण १७७६ मध्यें, माधवरावांच्या मागें, नारायणरावांच्या खुनानें पुण्याचा कारभार डळमळीत झालेला असतांना, रत्नागिरीच्या किल्ल्यावरील या कैद्यास तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानेंच बाहेर काढून पुढें केलें. पाहतां पाहतां माणसें जमलीं, कोंकणांतील एकामागून एक किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, आणि बंड घाट चढून वर आलें. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. पळून जाणारा तोतया आंग्र्यांच्या हातीं सांपडला. पुण्यास आणून पुन्हां चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन देण्यांत आलें. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचें बंड’ या नाटकामुळें ही कथा पुढें घरोघर पोंचली.

या बंडांत मुलांस सांगण्यासारखी गोष्ट ती शिक्षेची नव्हे. विचार करण्यासारखें आहे तें हें, कीं पहिल्या वेळीं तो खोटा ठरलेला होता. निकाल झालेला होता. तरी दहा-बारा वर्षांनीं तोच चेहरा पुन्हां चालला, आणि तोहि अडाणी लोकांपुढेंच चालला असें नाहीं. किल्लेदार, शिलेदार, सरदारांपैकीं कित्येक त्याच्या बाजूस गेले. कांहींना खरोखर भाऊ हवे होते. कांहींना पुण्याच्या कारभाऱ्यांचा राग होता. कांहींनीं केवळ वारा पाहिला. चेहऱ्यांत किती साम्य होतें हा प्रश्न त्यांच्यापैकीं फार थोड्यांनीं विचारला असेल. आजहि एखादी चित्रफीत पुढें पाठविणारा माणूस ती कितपत हुबेहूब आहे म्हणून पाठवीत नाहीं. ती त्याच्या मनांतलें बोलते म्हणून पाठवितो. हें बारा-तेरा वर्षांच्या मुलास समजणार नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं शाळेच्या मधल्या सुट्टींतील कंड्या एकदां ऐकाव्यात.

शिवनेरीच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलास दुसरा धडा तर घरचाच आहे. शिवाजीमहाराजांचें म्हणून जें चित्र विसाव्या शतकाच्या आरंभीं पुस्तकांतून छापलें जाई, तें महाराजांचें नव्हतेंच. मनुची या इटालियन प्रवाशाच्या चित्रसंग्रहांतील इब्राहिमखान नांवाच्या भलत्याच गृहस्थाचें तें चित्र असल्याचें इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं दाखवून दिलें, आणि १९३३ मध्यें डच संबंधांतून आलेलें अस्सल चित्र पुण्यास प्रसिद्ध केलें. त्या खोट्या चित्रांत यंत्राची कांहीं करामत नव्हती. चित्र खरें होतें. माणूसहि खरा होता. नांव तेवढें दुसऱ्याचें चिकटलें होतें. आज जगांत जीं फसवीं चित्रें फिरतात, त्यांतील मोठा भाग अद्यापि याच जातीचा आहे. एका देशांतील पूर दुसऱ्या देशाचा म्हणून, दहा वर्षांपूर्वींची दंगल कालची म्हणून. त्यासाठीं संगणकाला झुंजावें लागत नाहीं.

आतां यंत्रानें घडविलेलीं महाराजांचीं ‘छायाचित्रें’हि पाहावयास मिळतात. सातवींतील मुलास येथें एकच हिशेब घालावा. छायाचित्रणाची कला जगापुढें आली १८३९ मध्यें. महाराजांचें निधन झालें १६८० मध्यें. मूल स्वतःच हंसतें, आणि तें हंसणें शंभर उपदेशांहून अधिक टिकतें.

महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हा याच शाळेचा वरचा वर्ग म्हणावा. बखरींच्या आधारें १६२७ हें वर्ष पुष्कळ काळ धरलें जात होतें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ मध्यें जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथि निघाली. एका साधनावर भरंवसा ठेवूं नये म्हणून विद्वान थांबले. मग तंजावरास सांपडलेलें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनीं १९२७ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतहि तीच तिथि. पुढें जोधपूरकडील एका कुंडलीसंग्रहांत महाराजांची कुंडली मिळाली. तीहि त्याच तिथीची. मावळांतील देशमुखाचें दप्तर, दक्षिणेंतील ग्रंथालय आणि मारवाडांतील ज्योतिष्याची वही. या तिघांनीं एकत्र बसून कट केला असें कोण म्हणेल? महाराष्ट्र सरकारनें ही तिथि २००१ मध्यें स्वीकारली. म्हणजे पहिला कागद हातीं आल्यापासून पंचाऐंशी वर्षें गेलीं. मोबाइलवरील बातमीस पंचाऐंशी सेकंदहि न देणाऱ्या पिढीला, आणि त्या पिढीच्या आईबापांनाहि, हा आंकडा सांगण्याजोगा आहे.

शिवकालीन पत्रांच्या रचनेकडे पाहिलें तरी असेंच कांहीं हातीं लागतें. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे. पण मजकूर संपला कीं तेथें लगेच एक लहान मुद्रा उठवीत, आणि तिच्यावर ‘मर्यादेयं विराजते’ अशीं अक्षरें असत. येथें मर्यादा झाली, यापुढें कोणी ओळ घालूं नये, हा तिचा अर्थ. लांब कागद जोडून केलेला असला तर सांध्यावरहि शिक्का मारीत, म्हणजे मधला तुकडा काढून दुसरा बसवितां येऊं नये. पत्र दप्तरांत नोंदलें गेल्याचे शेरे निराळेच. वतनाच्या भांडणांत बनावट महजर आणि खोट्या सनदा पुढें करणारे त्या काळींहि कमी नव्हते. त्यांना ओळखून असलेल्या माणसांनीं ही व्यवस्था बसविली होती. कागद सुंदर अक्षरांत आहे म्हणून तो खरा, असें दप्तरदार मानीत नसे. आरंभ कोठें, शेवट कोठें, जोड कोठें, आणि नोंद कोठें, हें तो पाही.

शेवट कापला गेला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्याच पदरीं आहे. कराची शहरांतील एका संस्थेनें पालकांना सावध करण्यासाठीं एक छोटी चित्रफीत केली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलून नेतात, आणि लगेच त्याला परत आणून सोडतात. शेवटीं फलक दिसतो कीं, मूल पळविणें इतकें सोपें आहे, लक्ष ठेवा. कोणीतरी तो शेवट कापला. उरलेला तुकडा २०१८ मध्यें हिंदुस्थानभर फिरला, आणि मुलें पळविणारी टोळी आली आहे या अफवेस त्यानें डोळ्यांदेखतचा पुरावा पुरविला. त्याच अफवेच्या लाटेंत १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं, आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं, भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच माणसांस जमावानें ठार मारलें. तीं मंगळवेढ्याकडील माणसें होतीं. त्यानंतर त्याच महिन्यांत व्हाट्सॲप कंपनीनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये अशी मर्यादा घातली. ती कापलेली चित्रफीत डीपफेक नव्हती. तिच्यांतील एकहि क्षण यंत्रानें घडविलेला नव्हता.

मग हें शिकवावयाचें कोठें? ‘संगणक’ या विषयाच्या तासाला, असें उत्तर सहज येतें. पण तें पुरतें बरोबर वाटत नाहीं. बालभारतीनें २०१७ मध्यें इयत्ता सातवीसाठीं काढलेल्या इतिहासाच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे. भौतिक साधनें, लिखित साधनें, मौखिक साधनें, आणि शेवटीं त्यांचें मूल्यमापन. बहुतेक वर्गांत हा पाठ जूनच्या पावसांत, पुस्तकांस वेष्टणें घालण्याच्या गडबडींत आटोपला जातो, कारण पुढें महाराज यावयाचे असतात. वास्तविक वर्षांतील सर्वांत उपयोगी तास तोच आहे. मूल्यमापनाच्या परिच्छेदांत ‘बखर’ या शब्दाच्या जागीं ‘चित्रफीत’ घालून पाहावें. वाक्य मोडत नाहीं. १८९८ पासून राजवाडे अस्सल पत्रांचे खंड छापीत राहिले ते याच आग्रहानें, कीं मागाहून लिहिलेल्या रसाळ बखरीपेक्षां त्या दिवशींचें रुक्ष पत्र बरें.

तथापि इतिहास शिकलें कीं माणूस फसत नाहीं, अशी फुशारकी इतिहासाच्या अध्यापकांनीं मारूं नये. अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनीं एक प्रयोग केला. दहा पीएच. डी. झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांच्यापुढें कांहीं संकेतस्थळें ठेवून त्यांची विश्वसनीयता ठरविण्यास सांगितलें. विद्यार्थ्यांबरोबर इतिहासकारहि फसले! ते समोरचें पान मनोभावें, वरपासून खालपर्यंत वाचीत बसले. त्याची मांडणी, भाषा, बोधचिन्ह यांवरून अंदाज बांधीत राहिले. तपासनीसांनीं तें पान जवळजवळ लगेच सोडलें, आणि हें पान चालविणारा कोण, याविषयीं इतर लोक काय म्हणतात, हें दुसरीकडे जाऊन पाहिलें. जुन्या दप्तरदाराची जी सवय, कीं कागद हातीं येतांच नोंदवही मागावी, तीच ही सवय आहे. जन्मतिथि ठरवितांना विद्वानांनीं तंजावर आणि जोधपूर गांठलें. मोबाइलवर मात्र तेच विद्वान एका पानांत अडकून पडतात. मुलांस ही सवय लावणें मोठ्यांस ती लावण्यापेक्षां सोपें आहे.

बिबट्याच्या चित्राला ती लावून पाहिली म्हणजे तिचें स्वरूप कळतें. चित्र आलें, मुलानें तें दोन बोटांनीं मोठें करून मिशा मोजीत बसूं नये. कोणी पाठविलें, आणि त्याला कोणी पाठविलें? ज्या वस्तीचें नांव सांगितलें आहे तेथें आपलें कोणी राहतें काय? असल्यास त्याला फोन करावा. त्याला एक मिनिट लागतें. वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या मदतक्रमांकाला विचारावें. आणि उत्तर येईपर्यंत? उत्तर येईपर्यंत धाकट्या भावाला घरांत घ्यावें, दार लावावें, पण चित्र पुढें पाठवूं नये. सावध राहण्यास पुरावा लागत नाहीं. दुसऱ्यास सांगावयाचें तर लागतो. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि त्यांतील फरक बिबट्याच्या मुलुखांतल्या मुलास शहरी मुलापेक्षां लवकर उमगण्यासारखा आहे.

खरी पंचाईत वेगळीच आहे. पुष्कळ घरांत असलीं चित्रें मुलाच्या मोबाइलवर प्रथम येत नाहींत. तीं येतात आजोबांच्या मोबाइलवर. सकाळच्या चहाबरोबर आजोबा तीं मोठ्यानें दाखवितात, आणि सारें घर मान डोलवितें. तेरा वर्षांच्या नातीनें आजोबांना ‘हें खोटें आहे’ असें तोंडावर म्हणावें, अशी आपल्याकडील रीत नाहीं, आणि ती नसावी यांत वावगेंहि कांहीं नाहीं. पण ‘आजोबा, हें तुम्हांला कोणी पाठविलें हो?’ असें विचारण्यास कोणत्याच रीतीची आडकाठी नाहीं. प्रश्न विचारणारें मूल उद्धट दिसत नाहीं. निकाल देणारें दिसतें. शिक्षकांनीं वर्गांत एवढी एक गोष्ट नीट बसविली तरी पुष्कळ काम होईल.

सरकारहि आपल्या परीनें या बाबतींत हालचाल करीत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें नियमांचा एक मसुदा काढला. यंत्रानें रचलेल्या चित्रावर तें तसें असल्याची ठळक चिठ्ठी असावी, आणि तिनें चित्राचा निदान दहावा भाग व्यापावा, असें त्यांत सुचविलें होतें. नाणेघाटांतील कारागीर हेंच करीत होता : मूर्तीच्या डोक्यावर नांव. मात्र त्याच्या गुहेंत मूर्ति फुटल्या तरी नांवें टिकलीं. मोबाइलवरील चित्राची चिठ्ठी बोटाच्या एका ओढीनें कापतां येते, आणि चित्र मागें राहतें. कायदा चांगला असला तरी त्याच्या भरंवशावर मुलास सोडून भागणार नाहीं.

जुन्नर तालुक्यांतच खोडद येथें रेडिओ लहरींनीं आकाश पाहणारी प्रचंड दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या; चौदा एका चौरस किलोमीटरांत दाटीनें, आणि सोळा तीन दिशांस लांबवर विखुरलेल्या. आकाशांतून येणारी लहर अत्यंत क्षीण असते, आणि आसपासचे मोबाइल, दूरदर्शन, विजेच्या तारा यांचा गलका त्या मानानें प्रचंड. एकाच तबकडीजवळ उठलेला गलका दूरच्या तबकडीस तसाच ऐकूं येत नाहीं. आकाशांतील लहर मात्र सर्वांना ऐकूं येते. शास्त्रज्ञ त्या सर्वांची साक्ष जुळवून पाहतात. दर वर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनास पंचक्रोशींतील शाळांचीं मुलें तेथें आपापले प्रयोग घेऊन जातात. जेधे, तंजावर आणि जोधपूर यांची गोष्ट आदल्या आठवड्यांत, १९ तारखेला, झालेलीच असते. एखाद्या शिक्षकानें त्या दोन दिवसांची सांगड घालून दिली, तर पाठ्यपुस्तकांतील पहिला पाठ पुन्हां एकदां उघडेल.

आंबेगांव तालुक्याची कथा आणखी निराळी. ज्या गांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. नांव तेवढें वर राहिलें. त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. बाबू गेनू याच तालुक्यांतील महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणींत काम करणारा हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या बाजूस परदेशी कापडाच्या मोटारीपुढें आडवा झाला आणि तिच्या चाकाखालीं गेला. सरकार म्हणालें, अपघात झाला. रस्त्यावरच्या लोकांनीं सांगितलें, गाडी अंगावर घातली. त्या क्षणाची साक्ष आजपर्यंत शब्दांनींच चालत आली आहे, आणि लोकांनीं ती दोन्ही बाजू ऐकून, बोलणारा कोण हें पाहून, स्वीकारली आहे. उद्यां महाळुंग्याच्या शाळेंतील एखादा मुलगा मोबाइलला दोन ओळी सांगून त्या क्षणाचें चित्र मागेल. यंत्र तें देईल. मोटार, गर्दी, गोरा सार्जंट, सारें अगदीं खऱ्यासारखें. जयंतीच्या फलकावर तें लागेल, तेथून पुढल्या वर्षीं कोणाच्या तरी पुस्तकांत जाईल. त्या मुलाच्या मनांत खोटें कांहींच नसेल, उलट हुतात्म्याविषयींचा आदरच असेल. त्या चित्राखालीं ‘हें यंत्रानें रचलेलें आहे, तारीख अमुक, करणारा अमुक’ असें त्याच्याकडून लिहवून घेणारे गुरुजी किंवा बाई त्या दिवशीं वर्गांत असावयास हवीत.